वस्तीतील दीपवृक्ष आणि नाताळगीतांचा मेळा
(पाळक व धर्मशिक्षक यांच्या विचारार्थ)

डिसेंबर महिना लागला की लहान गावांतील पाळकांपुढे व धर्मशिक्षकांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. एखादी शाळा, एखादी वसाहत किंवा एखादे ख्रिस्ती कुटुंब अंगणात झाड उभारते, त्यावर दिवे लावते आणि शेजारपाजाऱ्यांना बोलावून नाताळची गाणी गाण्याचा बेत करते. बोलावणे मंडळीच्या सेवकालाही येते. गाणारी मुले घेऊन यावे आणि दिवे लावताना दोन शब्द बोलावेत, अशी विनंती असते. जमणाऱ्यांपैकी बहुतेक ख्रिस्ती नसतात. अशा ठिकाणी सेवकाने जावे काय? गेल्यास कोणत्या नात्याने जावे? तेथे काय गावे, काय बोलावे आणि कोठे थांबावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार करण्याचे योजिले आहे.

उदाहरणादाखल आम्ही पांढुर्णा व सौंसर हे दोन तालुके डोळ्यांपुढे ठेवले आहेत. संत्र्याच्या बागांचा व कापसाचा हा मुलूख. घराघरांत मराठी बोलली जाते. तथापि १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून हे दोन तालुके वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे संपूर्ण मध्य प्रदेशात ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे २ लाख १३ हजार, म्हणजे शेकडा ०.२९ इतकी होती. मुंबईच्या वांद्र्यात किंवा वसईत नाताळगीतांची फेरी एका ख्रिस्ती दारातून दुसऱ्या ख्रिस्ती दारात जाते. येथे तसे नाही. येथे अंगणात दिवा लागला की तो अन्यधर्मीय शेजाऱ्यांच्या समोरच लागतो, आणि गाणे म्हटले की ते त्यांच्याच कानी पडते. म्हणून हा प्रश्न येथे केवळ रीतिरिवाजाचा राहत नाही.

सेवकांमध्ये या बाबतीत दोन प्रकारची मते आढळतात. काहींना झाड म्हणजे परकीय, किंबहुना मूर्तिपूजक रिवाज वाटतो आणि ते बोलावणे नाकारतात. काहींना जमलेला समुदाय म्हणजे आयते व्यासपीठ वाटते. ते जातात, आणि दोन शब्दांच्या ठिकाणी अर्ध्या तासाचा उपदेश करून येतात. आमच्या मते या दोन्ही वागणुकींत एका गोष्टीचा विसर पडतो. आपण गाऊन परत येतो. ज्या कुटुंबाने आपल्याला बोलावले त्याला त्याच गल्लीत वर्षभर राहावयाचे असते. आपण नाकारले तर ते कुटुंब आपल्या आनंदात एकटे पडते. आपण मर्यादा ओलांडली तर त्याचे मोल ते दुसऱ्या दिवसापासून चुकवू लागते.

१. झाडाचा इतिहास

प्रथम झाडाविषयी. संत बोनिफास याने जर्मनीत ओक वृक्ष तोडला तेव्हा त्याजागी सूचिपर्णी झाड उगवले, किंवा मार्टिन लूथरने तारे पाहून झाडावर पहिल्या मेणबत्त्या लावल्या, अशा कथा नाताळच्या कार्यक्रमांत पुष्कळदा सांगितल्या जातात. बोनिफासने ओक तोडल्याचा उल्लेख त्याच्या प्राचीन चरित्रात आहे. नाताळच्या झाडाचा जोड त्या कथेला फार पुढे मिळाला. लूथरच्या कथेला तर त्याच्या काळातील कोणताच आधार नाही. सेवकाने सभेत अशा कथा इतिहास म्हणून सांगू नयेत. ज्या तोंडून सुवार्ता सांगावयाची त्या तोंडून दंतकथाही तितक्याच निश्चयाने निघाली, तर ऐकणाऱ्याने दोहोंत भेद कसा करावा?

खात्रीने सांगता येते ते असे. पाश्चात्य मंडळीच्या पंचांगात २४ डिसेंबर हा आदाम व हव्वा यांचा दिवस मानला जाई, आणि मध्ययुगीन जर्मन प्रदेशांत त्यांच्या नाटकात सफरचंदे टांगलेले नंदनवनाचे झाड उभारीत. स्ट्रासबुर्ग येथील १६०५ सालच्या एका नोंदीत लोक नाताळात घरातील दिवाणखान्यात झाडे उभारून त्यांवर कागदी गुलाब, सफरचंदे व पातळ पोळ्या टांगतात असा उल्लेख येतो. १८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रथमच घरातील झाडावर विजेचे दिवे लागले. झाड घरातून चौकात आले ते आणखी तीस वर्षांनी. १९१२ च्या नाताळात न्यूयॉर्कच्या मॅडिसन चौकात सार्वजनिक झाड उभारून त्यावर दिवे लावण्यात आले व त्याभोवती गाणी म्हणण्यात आली. ज्यांच्या घरी झाड नाही, किंवा ज्यांना घरच नाही, त्यांच्यासाठी ते झाड होते. १९४७ पासून ओस्लो नगर प्रतिवर्षी लंडनच्या ट्रफाल्गर चौकासाठी एक झाड पाठवीत आले आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने केलेल्या साहाय्याची ती कृतज्ञ आठवण होय. रोममधील संत पेत्राच्या चौकात झाड उभारण्याची प्रथा तर १९८२ इतकी अलीकडची आहे.

या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, झाड हा मंडळीचा संस्कार नाही, उपासनेचे अंग नाही आणि प्रभूची आज्ञाही नाही. ज्या मंडळीला ते नको असेल तिचा नाताळ त्यामुळे उणा होत नाही. दुसरी, सार्वजनिक दीपवृक्षाच्या मुळाशी शेजारधर्म आहे. ज्याच्यापाशी नाही त्याला आपल्या प्रकाशात बोलवावे, हा त्यामागील हेतू आहे.

२. शास्त्राचा आधार

झाडाविरुद्ध यिर्मयाच्या दहाव्या अध्यायातील पहिली पाच वचने पुढे केली जातात. रानातून तोडलेले, सोन्यारुप्याने मढविलेले, हलू नये म्हणून खिळ्यांनी ठोकलेले लाकूड असा त्यात उल्लेख आहे खरा. परंतु संदेष्टा तेथे मूर्ती घडविणाऱ्या कारागिराचे वर्णन करीत आहे. ज्याला बोलता येत नाही आणि ज्याला उचलून न्यावे लागते त्याला भिऊ नका, असा त्याचा आशय आहे. यिर्मयाच्या काळात नाताळचे झाड नव्हते. म्हणून हे वचन त्या झाडाला सरळ लावता येत नाही. तरी त्यातून सेवकाला एक इशारा अवश्य मिळतो: लाकडात काहीही नाही. झाडाचा बडेजाव करणाऱ्याने आणि झाडाची भीती बाळगणाऱ्याने, दोघांनीही हे ध्यानात घ्यावे.

अधिक नेमके मार्गदर्शन पौलाच्या लिखाणात मिळते. करिंथ येथील विश्वासी लोकांना अन्यधर्मीयांच्या घरची जेवणाची बोलावणी येत, आणि जावे की न जावे हा वाद त्यांच्यातही होता. पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात (वचने २३ ते ३३) पौल सांगतो की बोलावणे आले आणि जाण्याची इच्छा असली तर जावे. मात्र तेथे दुसऱ्याच्या सद्सद्विवेकाचा विचार करावा आणि स्वतःचे हित न पाहता शेजाऱ्याचे पाहावे. रोमकरांस पत्रातील चौदाव्या अध्यायात दिवस पाळणारा व न पाळणारा अशा दोघांनाही तो एकमेकांस दोष लावण्यापासून आवरतो. म्हणजे जाण्याची मोकळीक आहे, आणि त्या मोकळिकीला प्रीतीची मर्यादा आहे.

शिवाय लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आपण दरवर्षी वाचतो, पण पहिले नाताळगीत कोठे गायले गेले याकडे क्वचितच लक्ष देतो. ते मंदिरात गायले गेले नाही. रानात, रात्री, कळपाची राखण करणाऱ्या मेंढपाळांपुढे ते गायले गेले. गीत संपल्यावर देवदूत निघून गेले. त्यांनी मेंढपाळांना बेथलेहेमापर्यंत हाताला धरून नेले नाही. मेंढपाळ आपसांत बोलले आणि आपण होऊन निघाले. उघड्यावर गाणाऱ्या प्रत्येक मेळ्याला हा कित्ता पुरेसा आहे.

३. झाडाचा अर्थ कशाने ठरतो?

पांढुर्ण्याच्या माणसाला झाडाभोवती गाव जमणे म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांच्या लोकांत तो झेंडा काढून नेण्यासाठी गोटमार होते. माणसे दरवर्षी जखमी होतात. सौंसर तालुक्यात जामसावळी येथे पिंपळाखाली निजलेल्या हनुमंताच्या दर्शनाला लांबून लोक येतात. कार्तिकात तुळशीपुढे दिवे लागतात आणि दिवाळीत दारोदारी आकाशकंदील चढतात. ख्रिस्ती घरावर टांगलेला कागदी तारा शेजाऱ्याला अनोळखी वाटत नाही तो यामुळेच. आकाशकंदिलाच्या कामट्या आणि ताऱ्याच्या कामट्या पुष्कळदा एकाच हाताने बांधलेल्या असतात.

याचा अर्थ सर्व खुणा सारख्याच आहेत असा नव्हे. अर्थ असा की झाड स्वतः मुके असते. त्याच्याभोवती माणसे काय करतात यावरून त्याचा अर्थ ठरतो. दीपवृक्षाभोवती कुटुंबाची श्रीमंती मिरवली गेली, तर त्या झाडाचा अर्थ श्रीमंती असाच होईल. ध्वनिवर्धकाच्या कर्कश्श आवाजाने शेजारच्या आजाऱ्याची झोप मोडली, तर त्याचा अर्थ बेपर्वाई असा होईल. आणि त्याच्याभोवती ज्यांचे एरवी फारसे बोलणे नाही अशी दोन घरे एका सतरंजीवर बसली, तर ख्रिस्तजन्माच्या शांतीविषयी काही एक सांगितले गेले असे म्हणता येईल. मात्र येथे एक पथ्य पाळावे. गोटमारीच्या दगडांची आणि आपल्या गीतांची तुलना सेवकाने सभेत कदापि करू नये. ती रूढी कशी सौम्य करावी याची चिंता त्या गावातील लोकांनाच आपल्याहून अधिक आहे. शेजाऱ्याच्या सणातील दोष दाखवून आपल्या सणाचा महिमा वाढत नाही.

४. गीताची भाषा

झाड मुके असल्याने बोलावयाचे काम गीताला करावे लागते. म्हणून सेवकाने आपली सर्व तयारी गीतांवर खर्च करावी असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

मध्य प्रदेशातील मंडळ्यांची उपासना मुख्यतः हिंदीत चालते. नाताळात त्यात इंग्रजी गीतांची भर पडते. सौंसरच्या अंगणात जमलेल्या आजीबाईची भाषा मात्र मराठी असते. इंग्रजी चालीवर बसविलेली मराठी भाषांतरेही नेहमी उपयोगी पडत नाहीत. परकी चाल मराठी शब्दांतील ऱ्हस्व दीर्घ करते आणि दीर्घ ऱ्हस्व. शब्द तुटतात, आणि ज्याला गीत आधीपासून ठाऊक नाही त्याला अर्थ लागत नाही. याउलट ओवी, अभंग, भजन आणि पाळणा हे प्रकार या मुलखात कानांना सरावलेले आहेत. पेटी, टाळ आणि खंजिरी प्रत्येक गावात मिळतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) खंजिरी भजनांनी हा सारा भाग भारलेला आहे. पाळण्याविषयी तर विशेष सांगावयास हवे. बाळ जन्मले की बारशाला पाळणा म्हणावयाचा हे कोणत्याही मराठी स्त्रीला सांगावे लागत नाही. बेथलेहेमच्या बाळाचा पाळणा सुरू झाला की ऐकणारी स्त्री आपोआप सुरात सूर मिळवते, आणि ‘शब्द देही झाला’ हे कठीण तत्त्व एका जन्मलेल्या लेकराच्या रूपाने तिच्यासमोर येते.

हे नवे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात नवख्रिस्ती लोकांसाठी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले आणि त्यात १०,९६२ ओव्या आहेत. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या हाती रेल्वेच्या प्रवासात एका सहप्रवाशाने शुभवर्तमान दिले, तो प्रवास नागपूरहून राजनांदगावकडे चालला होता, म्हणजे याच मध्य प्रांतातला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे त्यांनी अभंग, भजन व कीर्तन ही मराठी मंडळीच्या उपासनेची साधने केली. युरोपातही हेच घडले. लूथरचे नाताळगीत १५३५ मध्ये प्रथम छापले गेले ते एका लोकगीताच्या चालीवर. ‘शांत रात्र’ हे जगभर गायले जाणारे गीत १८१८ च्या नाताळात ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ या खेड्यात प्रथम गायले गेले. त्याचे शब्द लॅटिनमध्ये नव्हते, गावाच्या जर्मन भाषेत होते, आणि साथीला गिटार होती. १२२३ मध्ये संत फ्रान्सिसने ग्रेच्चो येथे गव्हाणीचा देखावा उभारला तेव्हा गावकरी मेणबत्त्या व मशाली घेऊन गात आले होते. जेथे जेथे नाताळगीत लोकांच्या अंगणात रुजले, तेथे ते लोकांच्या चालीवर रुजले.

५. कायदा, भीती आणि विवेक

या विषयाचा एक अवघड भाग टाळून चालणार नाही. मध्य प्रदेशात धर्मांतरासंबंधी १९६८ पासून कायदा होता; त्याच्या जागी २०२१ मध्ये मध्य प्रदेश धर्मस्वातंत्र्य अधिनियम आला. बळाने, फसवणुकीने किंवा प्रलोभनाने धर्मांतर करविणे हा त्यानुसार गुन्हा आहे, आणि प्रलोभनाच्या व्याख्येत रोख वा वस्तुरूप देणगीचा समावेश होतो. नाताळगीते गाणे हा गुन्हा नाही. तरीही डिसेंबर २०१७ मध्ये याच राज्यात सतना शहराजवळच्या एका गावी गाण्यास गेलेल्या सेमिनरीच्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या धर्मगुरूंना धर्मांतराच्या तक्रारीवरून पोलिसांनी ताब्यात घेतले, आणि त्यांच्यासाठी आलेल्या धर्मगुरूंची मोटार जाळण्यात आली. हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना स्मरत असेल.

अशा घटनेनंतर घरात दार लावून गाणे हा सोपा मार्ग वाटतो. तो सर्वस्वी चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. जेथे एखाद्या कुटुंबाला प्रत्यक्ष धोका आहे तेथे त्या कुटुंबाचा शब्द अखेरचा मानावा. परंतु भीती हाच मंडळीचा कायमचा नियम झाला तर मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील दिवठणीवरच्या दिव्याचे काय करावयाचे? विवेक याहून वेगळा आहे. आपल्या गाण्यात लपविण्यासारखे काही नाही, आणि म्हणून ते दिवसाढवळ्या सांगून, शेजाऱ्यांच्या संमतीने व त्यांच्या सोबतीने व्हावे. शेजाऱ्याने बोलावले म्हणून आपण गेलो आणि आपण बोलावले म्हणून शेजारी आला, ही परस्परांची ओढ हेच आपले खरे संरक्षण. ते डिसेंबरात उभारता येत नाही. दिवाळीचा फराळ आपण कसा स्वीकारला आणि शेजारी आजारी असता आपण त्याच्या दारी गेलो की नाही, यावर ते वर्षभर उभे राहत असते.

६. सेवकांसाठी काही सूचना

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

(क) बोलावणे आले तर शक्यतो जावे, आणि पाहुणा म्हणून जावे. दिवा लावण्याचा मान वस्तीतील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला किंवा लहान मुलाला द्यावा. तो मान सेवकाचा नव्हे.

(ख) पाच-सहा गीते पुरेत. त्यांत निदान एक पाळणा व एक भजन असावे, ज्याचे ध्रुपद जमलेल्यांना दुसऱ्या खेपेस म्हणता येईल. ज्यांना गावयाचे नाही त्यांना नुसते ऐकण्याची मोकळीक असावी. कोणाच्याही मुलाला त्याच्या आईबापांच्या अनुमतीवाचून गाणाऱ्यांत उभे करू नये.

(ग) बोलण्यास सांगितले तर लूकच्या दुसऱ्या अध्यायातील कथा साध्या शब्दांत सांगावी आणि थांबावे. हा सण आपण का पाळतो हे प्रामाणिकपणे सांगणे हा उपदेशाचा भडिमार नव्हे. कोणी नंतर काही विचारले तर त्याला उत्तर द्यावे. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देऊ नयेत.

(घ) मेळ्यास जोडून वस्तूंचे वा पैशांचे वाटप करू नये. करंज्या, शंकरपाळे हा शेजारच्या घरांतील नेहमीचा देवघेवीचा फराळ निराळा. तो घरच्या मंडळींनी घरच्या रीतीने द्यावा. गोरगरिबांचे साहाय्य मंडळीने वर्षभर करावे, गाण्याच्या रात्री नव्हे.

(ङ) मिरवणूक किंवा ध्वनिवर्धक असेल तर आगाऊ परवानगी घ्यावी. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकास बंदी आहे. खरे पाहता एका अंगणापुरत्या गाण्याला ध्वनिवर्धक लागतच नाही.

(च) हे सारे बहुधा आगमनकाळात घडते हे विसरू नये. चौकात दिवे लागले म्हणून मंडळीची प्रतीक्षा संपत नाही. आपल्या लोकांना पश्चात्तापाची व प्रार्थनेची शिकवण त्या आठवड्यांत नेहमीप्रमाणे द्यावी, आणि दीपवृक्षाचा मेळा नाताळच्या उपासनेची जागा घेणार नाही याची दक्षता बाळगावी.

या सूचना पाळूनही कोणी गैरसमज करून घेईल, कोणी टीका करील. आपल्याच मंडळीत कोणी म्हणेल की एवढे लोक जमले आणि सेवकाने संधी दवडली. त्यांना आम्ही इतकेच सांगू की पेरणाऱ्याने पेरावे आणि रात्री झोपावे. बी कसे रुजते हे त्याला कळत नाही, असे प्रभूनेच मार्काच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे. दोन दिवसांनी झाड वाळते, दिव्यांची माळ उतरवून खोक्यात ठेवली जाते. पाळण्याचे ध्रुपद मात्र शेजारच्या घरातील आजीबाईच्या ओठांवर राहण्याचा संभव आहे. आपण तेथे सौजन्याने गेलो आणि सौजन्याने परतलो असू, तर पुढच्या वर्षी त्या घरचे लोकच विचारतील, यंदा गाणे कधी आहे?